दर सोमवारचं नाही

व्हर्ना कुबियाक दर सोमवारी सकाळी दहाला गस ऑस्ट्रँडरच्या हार्डवेअरच्या दुकानात जायची, ती नकार घ्यायला. नकार मिळाला की तिचं काम झालं.

बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. पण ओहायोतल्या त्या गावात टाइल्सचा कारखाना बंद पडल्यापासून निम्मं गाव हेच करत होतं. बेकारी भत्ता हवा असेल तर आठवड्याला दोन ठिकाणी काम मागितल्याचं लिहून द्यावं लागे. गावात दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, मग दर आठवड्याला नवी दोन ठिकाणं आणायची कुठून? सरकारला काय, कागद भरला की झालं. शेवटी गसनंच सगळ्यांना सांगून टाकलं, माझ्याकडे या, विचारा, मी नाही म्हणतो, माझं नाव लिहा. मोठ्या मनाचा माणूस. व्हर्ना विचारायची, "काय गस, काही काम?" तो म्हणायचा, "नाही गं बाई." मग नियमात नसली तरी झोकात सही ठोकायचा आणि कॉफीचा कप पुढे सरकवायचा. दीड वर्ष हे असंच चाललं होतं. शाळेत एका वर्गातली दोघं, त्यामुळे लाजण्यासारखंही काही नव्हतं.

खरा शोध ती इतरत्र करायची. वय अठ्ठावन्न, त्यातली चोवीस वर्षं कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात गेलेली. इस्पितळात, शाळेच्या स्वयंपाकघरात, चाळीस मैलांवरच्या गोदामात, सगळीकडे अर्ज करून झाले. निम्म्यांनी तर पोचही दिली नाही. जिल्ह्याच्या गावी नोकरी शोधणाऱ्यांसाठी एक केंद्र होतं. तिथल्या टॉलिव्हर बाईंनी तिचा अर्ज चारदा नव्यानं लिहून दिला, त्यात वय कसं दडवायचं तेही शिकवलं. त्याच बाईंनी डिसेंबरात एक दिवस वर्ग मध्येच थांबवून सांगितलं, की वाढीव मुदतीचा बेकारी भत्ता नाताळानंतरच्या शनिवारी बंद होतोय, वॉशिंग्टनमध्ये कुणी मुदत वाढवली नाही, आणि या वर्गाचे पैसेही त्याच्याबरोबर गेले. "आता मीही तुमच्याच रांगेत," त्या म्हणाल्या. त्यावर कुणी हसलं नाही.

व्हर्नाची लेक जोअ‍ॅन इंडियानाला असते. ती फोनवर एकच धोशा लावून बसली होती, की घर विक आणि तळघरातल्या खोलीत येऊन राहा. लेक मायेनं बोलायची, जावईही वाईट नव्हता. पण पाहुणी म्हणून चार दिवस राहणं वेगळं आणि उरलेला जन्म दुसऱ्याच्या तळघरात काढणं वेगळं. नवरा गेल्यावर व्हर्नानं ते घर एकटीनं राखलं होतं, छपराच्या गळतीपासून घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या दुरुस्तीपर्यंत. तिला कसलंही काम चाललं असतं. घर हातचं जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. मनात मात्र ती थकली होती, झोप काढूनही न जाणारा तो थकवा होता.

शनिवार उलटला. सोमवारी भरायला फॉर्मच नव्हता, तरी पाय सवयीनं दुकानाकडे वळले. आणि वाटेत तिच्या डोक्यात आलं, की आज खरंच विचारून बघावं. गसची बायको पेग गल्ल्यावर बसायची; तीन आठवड्यांपूर्वी पडल्यानं तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि वसंतापर्यंत काही ती उभी राहणार नव्हती. व्हर्ना स्वतः तिच्यासाठी चीज घालून भाजलेल्या नूडल्सचं भांडं घेऊन गेली होती. म्हणजे गल्ला रिकामा! तेव्हा कसं सुचलं नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. ती भराभर चालू लागली.

दुकानात गल्ल्यावर एक अनोळखी बाई उभी होती, गळ्यात पेगचा हिरवा एप्रन.

"ही लॉइस," गस म्हणाला. "पलीकडच्या गावची. गुरुवारपासून येते." मग त्याचं लक्ष व्हर्नाच्या रिकाम्या हातांकडे गेलं. "फॉर्म कुठाय?"

"संपले फॉर्म. मी कामाचं विचारायला आले होते."

गसचा चेहरा उतरला. तो तिला मागच्या बाजूला, रंगाच्या डब्यांपाशी घेऊन गेला. "अगं, मला सांगायचंस ना."

"दर सोमवारी सांगत होते, गस."

"ते फॉर्मसाठी होतं गं. पेग पडली तेव्हा तुझं नाव डोक्यातच आलं नाही. तू म्हणजे... सोमवारची."

तिला राग यायला हवा होता, पण आला नाही; तिला तरी कुठे सुचलं होतं? गस खाली बघत पुटपुटला, की लॉइसला अजून पंधरा दिवस बघण्यापुरतंच ठेवलंय, तू म्हणशील तर तिला काहीतरी सांगून टाकतो. "आपल्या गावचं माणूस आधी," तो म्हणाला.

व्हर्नाच्या तोंडात 'हो' आलेलं होतं. खोटं कशाला सांगायचं, अगदी जिभेवर आलेलं होतं.

ती गल्ल्यापाशी गेली आणि लॉइसला विचारलं, की काम मागताना तू याला काय म्हणालीस?

लॉइस गोंधळली. "काय म्हणणार? बर्फाचं फावडं घ्यायला आले होते. म्हटलं, माझा भत्ता या शनिवारी संपतोय, पुढच्या महिन्यात खायचं काय ते कळत नाही, काहीही काम द्या. रडले पण थोडी. लाज वाटली नंतर."

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. आणि व्हर्ना दीड वर्ष हसत हसत विचारत होती.

"राहू दे तिला," ती गसला म्हणाली. "तिनं मागितलं."

गस दुकानाच्या दारापर्यंत मागे मागे आला. कुठे काही कळलं तर सांगतो, चर्चमध्ये बोलतो, स्वतः चार जणांना फोन करतो, असं बोलत राहिला. ती हो हो म्हणत राहिली. सोमवारपलीकडे त्याच्या बोलण्यावर किती विसंबायचं, ते तिला आता कळलं होतं.

दुपारी जोअ‍ॅनचा फोन आला. नेहमीसारखं घर विकण्याचं झालं, मग ती म्हणाली, "मम्मी, तुझा तो शाळेतला मित्र, हार्डवेअरवाला. त्याला कधी विचारलंस का?"

"विचारलं," व्हर्ना म्हणाली. "आज पहिल्यांदाच."

"मग?"

तिनं ते सांगितलं नाही. तळघरातल्या त्या खोलीला खिडकी आहे का, एवढंच विचारलं.