मीठुं पाणी

झाड माझ्या हातून मरतंय, हे मला शनिवारी सकाळी कळलं. बा मंगळवारी परत येणार होत्या.

बा म्हणजे चंचलबा, भूपेंद्रशेठच्या आई. मी त्यांच्या बंगल्यावर वॉचमन. त्याआधी अकरा वर्षं सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंगमध्ये कापड रंगवण्यात काढली. वाफेनं छाती धरली तेव्हा तिथून सुटलो. तिथं मला कुणी नावानं हाक मारली नाही. 'ए खानदेशी' एवढंच. बांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले, पण गेटच्या कडीच्या आवाजावरून त्या मला ओळखायच्या आणि 'छगनभाई' म्हणायच्या. त्या 'भाई'साठी मी काहीही केलं असतं, खोटं कशाला बोलू.

झाड दिवाणखान्यात खिडकीपाशी असायचं, मातीच्या चपट्या तबकात. उंची जेमतेम दीड वीत, वय बावीस वर्षं. आपल्याकडे कुंती म्हणतात, इकडे कामिनी. बांच्या मालकांनी, म्हणजे शेठच्या वडिलांनी, ते लावलं होतं. मालक गेले, मागोमाग बांची नजर गेली. मग झाड फुललंय की नाही हे त्या वासावरून सांगायच्या. ऑपरेशनसाठी मुंबईला लेकीकडे निघाल्या तेव्हा फांद्यांवर कळ्या धरत होत्या. बांनी त्या बोटांनी चाचपल्या आणि म्हणाल्या, "पाटो छूटे एटले पहेलां मारी कामिनी जोईश." पट्टी सुटली की आधी झाड बघणार.

भूपेंद्रशेठनी घराची किल्ली माझ्याकडे दिली आणि गाडी सुरू करता करता काच खाली केली. "छगन, झाडने रोज एक ग्लास मीठुं पाणी आपजे. भूलतो नहीं."

मी विसरलो नाही, हीच तर बोंब झाली. गुजराती मला दुकानापुरती यायची. बमरोलीच्या किराणावाल्याकडे 'एक किलो मीठुं' म्हटलं की तो मिठाची पुडी पुढे करायचा. तेव्हा मीठुं म्हणजे मीठ, यात मला तसूभरही शंका नव्हती. झाडाला मीठ कशाला, असं मनात आलं. पण नारळाच्या बुंध्यात मीठ टाकताना मी इथंच पाहिलं होतं, आणि बंगल्यातल्या झाडाचे लाड बंगल्यासारखेच असणार. मागच्या बोअरच्या नळाचं ग्लासभर पाणी, त्यात एक चमचा मीठ, नीट ढवळून. अठरा दिवस.

पानांच्या कडा करपायला लागल्या तेव्हा मी शेजारच्या बंगल्यावरच्या सखारामभाऊंना बोलावलं. ते माळी, नंदुरबारकडचे, वीस वर्षं सुरतेत. त्यांनी तबकातल्या मातीवरचा पांढरा थर बोटानं खरवडला आणि जिभेला लावला. मग थुंकले.

"हाई काय कयं रे तू? मीठ टाकं का?"

"शेटनी सांगं, भाऊ. मीठुं पाणी."

"आरे येडा! मीठुं पाणी म्हंजे गोड पाणी. पिवानं पाणी. बोरनं खारं नको, आसं सांगं त्यासनी तुले!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खारं नको म्हणाले होते, आणि मी बोअरच्या खाऱ्या पाण्यात आणखी मीठ कालवलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याच्या अकलेवर मी पोट धरून हसलो असतो.

सखारामभाऊ झाडाभोवती फिरले. कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. मरायला टेकलेलं झाड जास्तच फुलतं, असं ते म्हणाले. आणि मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. हात लावला नाही, तर मंगळवारपर्यंत फुलं उमलतील. बा बघतील, खूश होतील. आठ-दहा दिवसांनी झाड वाळेल, तेव्हा कुणी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही. दुसरी वाट म्हणजे आत्ताच्या आत्ता माती बदलायची, मुळं धुवायची, सडकी कापायची.

"आनि कया?" मी कळ्यांकडे बोट दाखवून विचारलं.

"कया तोडन्या पडतीन. पानंबी. मुळं कापी टाकी ते एवढा भार कोन उचली?" वर म्हणाले, "तरी जगीच आसं नही."

मी उंबऱ्यावर बसलो. पहिली वाट सोपी होती आणि मला ती हवीशी वाटली. बांना फुलं दिसली असती, माझी नोकरी राहिली असती, ते 'भाई' राहिलं असतं. पण आठ दिवसांनी त्या म्हातारीनं नव्या डोळ्यांनी झाड वाळताना बघायचं, आणि मी गेटवर उभं राहून सलाम करायचा? मला माझीच किळस आली. उठलो आणि म्हणालो, "सांगा भाऊ, काय करू."

त्यांनी तापीची जाड वाळू, कुजलेला पालापाचोळा आणि विटेचा चुरा आणला. स्वयंपाकघरातल्या नळाला म्युनिसिपालटीचं गोडं पाणी चालू होतं, मी तीन बादल्या भरल्या. घसा कोरडा पडला होता, तरी त्यातला एक घोट प्यावा हे सुचलंही नाही. तबकाच्या कडेनं सुरी फिरवून झाड उचललं. मुळांचा जुना गठ्ठा बांबूच्या काडीनं विंचरायचा होता. माझ्या हातांना कापडाचे तागे ओढायची सवय, इथं मूळ तुटलं की जीव खालीवर व्हायचा. पहिल्या बादलीतलं पाणी गढूळ झालं, दुसरीतलंही. तिसरीत मुळं स्पष्ट दिसली. बरीचशी काळी होती. पांढरी, जिवंत मुळं मूठभरही नव्हती.

काळी सखारामभाऊंनी कापली. कात्री माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "कया तू काप."

मी कापल्या. मोजल्या नाहीत. दोन-तीन उमलायच्या बेतात होत्या, त्यांचा वास बोटांना लागला आणि मी रडलो. पानंही बरीचशी काढली. तबकाच्या भोकांवर जाळीचे तुकडे ठेवले, नवी माती घातली, मुळांमधली पोकळी काडीनं दाबत भरली, झाड हलू नये म्हणून तारेनं बांधलं. मग तबक पाण्यात ठेवलं, म्हणजे माती खालून भिजेल. उन्हापासून आणि पंख्यापासून दूर ठेवायचं, पानांवर पाणी फवारायचं, बाकी वाट बघायची. रविवारी दोन पानं गळली. सोमवारी आणखी तीन. मी दर तासाला जाऊन बघत होतो.

मंगळवारी गाडी आली. बा काळा चष्मा लावून उतरल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "छगनभाई, तुं तो साव पातळो छे!" इतकी वर्षं त्यांनी मला धिप्पाड समजलं असावं. हसत आत गेल्या, आणि खिडकीपाशी थबकल्या.

खोड, चार फांद्या, सहा पानं.

"आ शुं कर्युं?" भूपेंद्रशेठ ओरडले.

मी सगळं सांगितलं. मीठ, चमचा, अठरा दिवस. कळ्या मीच कापल्या, हेही.

"गधेडा! मीठुं पाणी एटले माटलानुं पाणी! रसोडामां माटलुं रोज जुए छे, चाख्युं नथी कोई दिवस?" स्वयंपाकघरातल्या माठाचं पाणी कधी चाखलं नाहीस का, असं विचारत होते.

"नाही, शेठ," मी म्हणालो. "आम्हाला मागचा नळ."

मी ते रागानं म्हटलं नाही. कामावर आलो त्या दिवशी त्यांनीच प्यायला तो नळ दाखवला होता.

बांनी खोडाला नख लावलं, थोडी साल खरवडली. आत हिरवं होतं. त्या बराच वेळ ते हिरवं बघत राहिल्या. मग न वळताच म्हणाल्या, "भूपेंद्र, माटलामांथी ग्लास भरी लाव. तुं जा."

शेठ स्वतः माठातून पाणी घेऊन आले. बांनी ग्लास माझ्या हातात दिला. "पी."

मला नळाखाली ओंजळीनं प्यायची सवय. वरून प्यायला जमेना, तोंड लावलं.

"केवुं छे?"

त्यांचा शब्द मला आता माहीत होता, पण तो तोंडातून निघेना. "गोड आहे, बा."

"बाकीनुं झाडने आप."

"बा, उष्टं आहे. तोंड लावलंय मी."

"जोयुं में," बा म्हणाल्या. "हवे मने देखाय छे." आता त्यांना दिसत होतं.

मी उरलेलं अर्धं पाणी हळूहळू मुळाशी ओतलं.