काकूंची ओळ

काकू गेल्याला वर्ष होत आलं, तरी ऑफिसात त्यांच्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं. आदर वगैरे काही नाही, तिचं एक चाक मोडलं होतं.

शेजारच्या खुर्चीवर काका. काका-काकूंनी उभं आयुष्य याच खोलीत काढलं. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातलं मेमरी वाटण्याचं काम या दोघांकडे. घरचा संसार त्या मानाने आटोपशीर होता. एक लेक, तीही आता दुसऱ्या गावी.

कंपनीची तिकीट छापायची यंत्रं काही आठवडे चालली की जड व्हायची आणि शेवटी बसकण मारायची. त्यावर नव्या पोरीने दुरुस्ती पाठवली. दुरुस्ती म्हणजे कोडमधली फक्त एक ओळ काढून टाकायची. ती ओळ काकूंची होती.

मेमरीचा हिशोब रुमाल टाकून जागा धरण्यासारखाच असतो. ज्याला जागा हवी त्याने रुमाल टाकायचा, काम झालं की उचलायचा. एकही रुमाल उरला नाही की जागा दुसऱ्याला. काकूंची ओळ एक रुमाल टाकत होती आणि तो कुणीच उचलत नव्हतं. जागा अडून राहायच्या, मेमरी भरत जायची. नवीचं म्हणणं, मुळात टाकायचाच कशाला?

ऑफिसची रीत अशी की कुठलाही बदल सगळ्यांनी तपासायचा आणि तिघांनी ‘चालेल’ म्हणायचं; एकानेही ‘थांबा’ म्हटलं की बदल अडला. बदलाच्या खाली एक नोंद सक्तीची: ही चूक कुणाच्या बदलामुळे आली. नवीने तिथे काकूंचं नाव लिहिलं होतं. तिची आणि काकूंची गाठच पडली नव्हती, तिचा काय दोष.

तपासणी जोरात सुरू झाली. एकाने विचारलं, वर रिकामी ओळ का सोडली? दुसऱ्याने शीर्षक लांब असल्याचं दाखवून दिलं. टापटीप म्हणून एक होता, ज्याला दुसऱ्याच्या कोडमधला केर काढल्याशिवाय जेवण जात नसे. त्याने कंसाच्या जागेवर पानभर लिहिलं आणि शेवटी ‘काकूंबद्दल पूर्ण आदर ठेवून चालेल’ असं म्हटलं. मग तीच पद्धत पडली. जो तो पूर्ण आदर ठेवून चालेल म्हणू लागला. ती ओळ करते काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

काकांनी लिहिलं, थांबा.

साहेबांनी त्यांना आत बोलावलं, चहा मागवला. चहा मागवला म्हणजे काहीतरी सोडायला सांगणार, हे काकांना ठाऊक होतं. साहेब म्हणाले, “काका, तुमची अवस्था आम्ही समजतो. हवं तर यातून बाजूला व्हा. कुणी नावं ठेवणार नाही.”

काका चहा पिऊन बाहेर आले. राग आला नाही, हीच पंचाईत होती. साहेबांचं खरं असेल तर? घरी काकूंचा चष्मा अजून फ्रिजवर होता, त्यांनी काढून ठेवला होता तिथेच. ज्याला चष्मा हलवता येत नाही त्याने बायकोची ओळ काढायची की ठेवायची हे ठरवावं, हे त्यांना स्वतःलाच पटेना.

लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. लेक आईवर गेली होती, फाटे फोडत नसे.

“बाबा, ती ओळ आईची आहे म्हणून अडवताय का?”

“तेच बघायचंय.”

“आणि तसं निघालं तर?”

“तर काढू देईन. नावासकट.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीला बोलावलं. ती मोडक्या खुर्चीवर तोल सांभाळत बसली. काका म्हणाले, यंत्र तुझ्या दुरुस्तीनेच चालवू, फक्त डिस्क मुद्दाम मंद करू. बाहेरच्या यंत्रांना स्वस्तातल्या डिस्का लावल्यात, त्या मंदच असतात. यंत्र सुरू झालं. थोडा वेळ तिकिटं सरळ आली. मग एका तिकिटावर एकाचं नाव आणि दुसऱ्याचं गाव आलं. पुढच्यावर नुसती गिचमीड, आणि यंत्र मेलं.

नवीने यंत्राच्या नोंदी उघडल्या. डिस्कचं लिहून व्हायच्या आत जागा दुसऱ्याला गेली होती. काकूंचा रुमाल नेमका तेवढ्यासाठी होता.

“मग उचलत कोण होतं?” तिने विचारलं.

दोघं जुने बदल उपसू लागले. रुमाल उचलणारी ओळ काकूंनीच लिहिली होती, थोडी खाली. ती पुढे कुणीतरी काढली होती. बदलाचं शीर्षक होतं, ‘अनावश्यक ओळ काढली, कामात फरक नाही.’ काढणारा टापटीप. साहेबांनी त्याचं जाहीर कौतुकही केलं होतं. काकांनी तारीख पाहिली. त्या दिवसांत ते आणि काकू दोघंही रुग्णालयात होते. थांबा म्हणणारं खोलीत कुणी नव्हतं.

नवीने नवी दुरुस्ती पाठवली. काढलेली ओळ परत घातली आणि खाली टापटीपचं नाव लिहिलं.

तासाभरात टापटीपचं मन विशाल झालं. चूक माणसाची नसते, पद्धतीची असते, असं त्याने सगळ्यांना कळवलं. नाव लिहिण्याची ही रीत मागासलेली आहे आणि तिने मनं दुखावतात. साहेबांना ते फार पटलं. बैठक भरली, समिती नेमायचं ठरू लागलं. दुरुस्ती तोवर थांबावी, असंही कुणीतरी सुचवलं.

काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “बंद करा की रीत. उद्यापासून.”

नवी खाली बघून हसली. साहेब पाणी प्यायले. दुरुस्ती त्याच दिवशी आत गेली, नावासकट.

काकांनी घरून पाना आणून खुर्चीचं चाक बसवलं आणि नवीला म्हणाले, आता इथेच बस, आणि ‘पूर्ण आदर ठेवून’ असं कधी लिहू नकोस.

लेकीने फोनवर विचारलं, “मग? काढली ओळ?”

“राहिली. लागते ती.”

“आणि चष्मा?”

काकांनी फ्रिजकडे पाहिलं.

“तू ये,” ते म्हणाले. “तो मला एकट्याला तपासता येत नाही.”