घड्याळ न लावणाऱ्या बाई

मी घड्याळं दुरुस्त करतो. त्यामुळे कुणी वेळ सांगितली की आधी मला शंका येते, आणि कुणी सांगतच नसेल तर मग विचारूच नका.

माझी लेक पंधरा वर्षांची. शंभर मीटर पोहते. गेल्या वर्षी तिने पोहणं सोडल्यातच जमा होतं. पिशवी महिनाभर पलंगाखाली पडून होती. मग तलावावर नव्या प्रशिक्षक बाई आल्या आणि पोरगी गजराच्या आधी उठायला लागली. वेळ किती लागला म्हणून विचारलं, तर म्हणे बाई घड्याळच लावत नाहीत. रविवारी संघाची निवड आणि घड्याळ नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यात बाईंची भाचीही तिथेच पोहते असं कळलं, आणि मला सगळा डाव दिसला.

गुरुवारी दुकान लवकर बंद केलं, स्टॉपवॉच मुठीत घेतलं आणि तलावावरच्या खांबाआड उभा राहिलो. लेकीने उडी मारली, मी बटण दाबलं. बाईंचं घड्याळ गळ्यात नुसतं लोंबत होतं. त्या काठाने चालत होत्या, मध्येच वाकून काहीतरी सांगत होत्या. भिंतीला हात लावून पोरगी वर आली आणि दोघी खळखळून हसल्या. हे हसू माझ्या घरात वर्षभर ऐकलं नव्हतं. मला हेवाच वाटला.

तरी तावातावाने जाऊन बाईंना जाब विचारलाच.

"पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते, काय नको," बाई म्हणाल्या. "भाचीने सांगितलं, ओरडणं नको. हिने सांगितलं, घड्याळ नको. आता लावू का, असं दर सोमवारी विचारते. अजून नको म्हणते."

तेवढ्यात लेक निथळत आली. माझी मूठ पाहिली आणि तिचं हसू विझलं.

"किती?" तिने विचारलं.

तो सूर माझाच होता. रोज ती दारात बूट काढायच्या आत मी हेच विचारायचो. मी मूठ उघडली. घड्याळ चालूच होतं, सात मिनिटं झालेली.

"थांबवायला विसरलो," मी म्हणालो.

मी खोटं बोलतोय का, हे ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत ताडत राहिली. मग म्हणाली, "रविवारी येऊ नका." चार पावलं गेली आणि वळली. "किंवा या. पण घड्याळ आणलंत तर मी पाण्यात उतरणार नाही."

रविवारी फाटकाशीच तिने मला अडवलं. मनगट बघितलं, शर्टाचा खिसा बघितला, पँटचे दोन्ही खिसे चाचपले. मी मुकाट्याने हात वर करून उभा. समाधान झाल्यावर ती आत निघाली.

मी तिला हाक मारली, खाली वाकलो आणि मोज्यातलं काढून तिच्या हातात दिलं.