मौन आणि शपथ

विद्यापीठाच्या नळाला पाणी नसलं तरी चालतं, पण विद्यापीठाला मूल्यं लागतातच. मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर कुलसचिवांना हे एकदम आठवलं आणि काम पडलं चंद्रिकाच्या गळ्यात. ती मराठी विभागात कंत्राटावर शिकवायची, आणि कंत्राटावरच्या माणसाच्या तोंडी 'नाही' हा शब्द शोभत नाही. तिनं सत्य, सन्मान आणि जबाबदारी अशी तीन मूल्यं काढली, त्यांची शपथ लिहिली. शपथेआधी सगळ्यांनी उभं राहून मिनिटभर मौन पाळायचं आणि मूल्यांचं चिंतन करायचं, ही कल्पनाही तिचीच. कुलसचिव खूश झाले.

त्याच दिवसांत वसतिगृहात उत्कर्षा गेली. चंद्रिकाचीच विद्यार्थिनी, करमाळ्याकडची. बाटली भरायला गेली आणि थंड पाण्याच्या मशिनला चिकटली. मशिनला करंट येतो म्हणून मुली केव्हाच्या ओरडत होत्या. 'चौकशी चालू आहे' एवढं बोलून विद्यापीठानं तोंडात मिठाची गुळणी धरली. कारण कोणी सांगेना, तेव्हा तिच्या गावानं आपलं आपण शोधलं. पोरीनं जीव दिला, काहीतरी भानगड असणार!

इथली रीत अशी, की कुणी गेलं की मोठ्या सभागृहात शोकसभा होते. चंद्रिकानं उत्कर्षाच्या वडिलांना, धोंडीरामांना, फोन करून मंगळवारी अकराला बोलावलं. त्यांनी एकच मागितलं. "मॅडम, कशानं गेली ते तेवढं माईकवर बोला. मी फोनात भरून नेतो. गावाला ऐकवायचंय." तिनं शब्द दिला.

मग समितीची तारीख ठरली. तोच मंगळवार, तेच सभागृह, वेळही तीच.

"शोकसभा नंतर घेऊ," कुलसचिव म्हणाले. "पाहुण्यांसमोर रडारड नको. वडिलांना कळवून टाका."

कळवायचं कोणत्या तोंडानं? आज करू, उद्या करू म्हणत चंद्रिकानं फोन केलाच नाही. अवघड काम टाळलं की ते आपोआप मिटतं, असं शिकलेल्या माणसांना फार वाटतं.

मंगळवारी ती माईकवर उभी राहिली आणि तिला शेवटच्या रांगेत पांढरी टोपी दिसली. पण हातातला कागद पुढे सरकत होता, पाहुण्यांचं स्वागत झालं, गुच्छ झाले आणि ती ओळ आली.

"आता सर्वांनी उभं राहून एक मिनिट मौन पाळावं."

सगळं सभागृह उठलं. समितीही उठली. मागे धोंडीरामांनी टोपी काढली, एका हातानं मोबाईल उंच धरला आणि दुसरा हात तोंडावर दाबला. त्यांचे खांदे हलत होते. चंद्रिकाला सगळं कळलं. माईक तिच्याच हातात होता, नाव घ्यायला कितीसा वेळ लागतो! पहिल्या रांगेतून कुलसचिव तिच्याकडे बघत होते. जूनमध्ये कंत्राटावर सही त्यांचीच लागणार होती. तिनं मान खाली घातली आणि कागदावरचं वाचलं. "मी सत्याची कास धरीन." सभागृह एका सुरात तिच्यामागून म्हणालं.

कार्यक्रम संपल्यावर धोंडीराम दाराशी थांबले होते. डोळे लाल, पण चेहरा हलका झालेला.

"मॅडम, लई मानसं उटली की हो माज्या लेकीसाटी! ती सायेबलोकं बी उटली." त्यांनी हात जोडले. "मला रडू आवरंना, मागं नीट ऐकू बी येईना. नाव घेतलं न्हवं तिचं?"

खरं बोलायची वेळ हीच होती. हिच्यानंतर दुसरी येणार नव्हती.

"घेतलं, काका."

"आन कशानं गेली त्ये?"

"तेही सांगितलं."

"मंग झालं. फोनात आलं आसंल." त्यांनी मोबाईल बंडीच्या आतल्या खिशात जपून ठेवला. "परवा दहावं हाय. सगळी भावकी जमतीय. तितंच स्पीकरवर लावतो. मंग बघू कोन काय बोलतंय माज्या पोरीला."

ते उन्हातून फाटकाकडे निघाले. हाक मारावी म्हणून चंद्रिका दोन पायऱ्या उतरली, तेवढ्यात मागून कुलसचिवांचा आवाज आला. "मॅडम, जेवायला चला! अध्यक्षांना तुमची शपथ फार आवडली."

ती जेवायला गेली. घास उतरेना, तरी तिनं ताट संपवलं, कारण शेजारी पाहुणे होते.

गुरुवारी, दहाव्याच्या दिवशी, ती वर्गावर असताना फोन वाजला. पडद्यावर 'उत्कर्षाचे वडील' असं होतं. पोरं तिच्याकडे बघत होती. तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि तो वाजून थांबायची वाट बघत उभी राहिली. तो थांबला, आणि पुन्हा कधी वाजला नाही.