तीर्थ पिणारी मोटार

मोटार आली की आमच्या गावातली शहाणीसुरती माणसं आधी पायातल्या वहाणा काढायची. भिमाजीबाबाची मोटार होती ना ती! साल बेचाळीस. लढाई पेटलेली, पेट्रोल कुपनावर, आणि कुपन साहेबाच्या मर्जीवर. बाकीच्या मोटारी पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन खोकत खोकत चालायच्या. बाबाची मोटार मात्र कुसगाव ते तळेगाव रोज धावायची, आणि तीही म्हणे पाण्यावर. साध्या नव्हे, तीर्थाच्या पाण्यावर!

बाबा तांब्याचा लोटा उंच धरायचा आणि मोटारीच्या नाकावरच्या पितळी झाकणातून तीर्थ ओतायचा. "पी माझी आई, पी! गोऱ्याचं पेट्रोल संपलं, तुजं तीर्थ संपायचं न्हाई!" मग हॅन्डल फिरायचं, मोटार गुरगुरायची, थोड्या वेळानं नाकातून वाफ सोडायची. "आई श्वास घेती!" बाबा ओरडायचा, आणि बायका मुलांची डोकी त्या तापल्या पत्र्यासमोर वाकवायच्या. ड्रायव्हरशेजारच्या बैठकीवर लाल कापड आणि त्यावर लाकडी पादुका. ती जागा सोवळ्याची, तिला कुणी शिवायचं नाही. शिवाय चारी बाजूंनी धुपाचा एवढा धूर, की मोटारीचा धूर कुठला ते कुणाला कळू नये.

मला कळत होतं. मी राजमहंमद, गावच्या पाणीपंपाचा इंजनवाला. त्याआधी सहा वर्षं लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये घासलेली. मोटारीच्या नाकात पाणी घालतात हे खरंच आहे. सगळ्याच मोटारींच्या घालतात, इंजन तापू नये म्हणून. ते पाणी पिऊन मोटार चालत नाही. हे मी अंबाजीभाऊंना सांगून पाहिलं. भाऊ आमच्या पंपसोसायटीचे चेअरमन आणि बाबाचे पहिले भगत.

"राजमहंमद," ते म्हणाले, "बैलाला आपुन पानी पाजतो का न्हाई? मग चालतो ना त्यो?"

"चालतो भाऊ. पर वैरण कोन घालतं?"

भाऊंना राग आला. वैरणीची गोष्ट त्यांना नकोच होती.

ती वैरण कुठून जाते, ते मला रोज सकाळी दिसत होतं. सोसायटीला पंपासाठी परवान्यावर घासलेट तेल मिळायचं. शेतीसाठी म्हणून त्यावर कर नव्हता, आणि रस्त्यावरच्या गाडीत ते घालायला सक्त मनाई होती. मी पिंपात गज बुडवायचो, तर तेल कालच्यापेक्षा चार बोटं खाली. दुपारी बारालाच पंप बंद पडायचा. शेजारच्या बयाबाईची मेथी उभ्या उभ्या करपली. आणि पिंपं ठेवली होती त्या गुदामात रात्री निजायचं कोण? भिमाजीबाबा! गावात कुलूप असलेली ती एकच खोली, म्हणून भाऊंनीच त्याला तिथं उतरवलं होतं. पिंपं तिथं, बाबा तिथं, आणि चोर कोण? मी! का, तर तेल मोजून घेणारा मी.

पंचांनी मला चावडीवर उभं केलं. "सोमवारच्या बाजारापातूर कबूल हो," भाऊ म्हणाले. "न्हाईतर आईला घे आन गाव सोड." माझा सख्खा मामा चाँदभाई पंचांत बसला होता. त्याच्या दंडावर बाबानं मंतरलेला ताईत होता. तो माझ्याकडं बघेना. त्या दिवसापासून माझं नाव तेलचोर पडलं. अम्मा विहिरीवर गेली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या.

त्या वेळी मला विवेक वगैरे काही सुचलं नाही. भिमाजीचं नाक मातीत घासलेलं मला बघायचं होतं, आणि तेही भर बाजारात. आज हे सांगायला मला लाज वाटत नाही.

वाट अम्मानं दाखवली, तीही न बोलता. तिचं, म्हणजे अजीजुन्निसाबीचं, लाल केसतेल पंचक्रोशीत चालायचं. रतनजोताच्या मुळ्या तेलात टाकायच्या, रंग उतरला की गाळायचं. त्या संध्याकाळी ती तेल गाळत होती. मी तिच्या लाल बोटांकडं बघत राहिलो.

"अम्मा, हे घासलेटात उतरंल का?"

"तेल म्हनलं की उतरंल. पान्यात मेलं तरी सोडत न्हाई रंग."

मी एकट्यानं काही केलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून शुक्रवारी सकाळी मी तेल मोजून घेताना बयाबाईला बरोबर नेलं. बाबा मोटार घेऊन कुसगावला गेला होता. बयाबाईनं पदराखालची रतनजोताच्या मुळ्यांची पुरचुंडी काढली आणि स्वतःच्या हातानं पिंपात सोडली. "माज्या मेथीची आन हाय," ती म्हणाली. "वेळ आली की बोलंन."

सोमवारी बाजारात ही गर्दी! बाबानं लोटा उचलला, झाकणात तीर्थ ओतलं, "पी माझी आई" म्हणून झालं. मी गर्दीतून घुसलो, सरळ मोटारीखाली सरपटलो आणि बैठकीखालच्या टाकीची तोटी फिरवली. धार लागली. लालभडक!

आणि माझं नशीब बघा! लोक किंचाळले, "रगत! रगत!"

भिमाजी एक क्षण दचकला. पण गडी पक्का होता. "आईला जखम क्येली!" तो गरजला. "ह्या तेलचोरानं आईचं रगत काडलं! आता ती गाव जाळंल!" माणसं धडाधड आडवी पडली. रतनबाईनं त्या लाल चिखलात बोट बुडवून कपाळाला लावलं. माझा सापळा त्याचा चमत्कार झाला होता. नथू पैलवानानं मला मानेला धरून वर ओढलं, आणि आता आपण संपलो असं मला वाटलं.

"थांब रं नथू." अम्मा पुढं आली. तिच्या एका हातात बाबाचाच तीर्थाचा लोटा होता, दुसऱ्या हातात रतनजोताची मुळी. तिनं मुळी तीर्थात टाकली आणि खळखळ ढवळली. तीर्थ जसंच्या तसं. मग तीच मुळी पुसून तिनं मोटारीपुढच्या बाबाच्या समईत बुडवली आणि चुरगाळली. तेल लाल व्हायला लागलं.

"रतनबाई, तू माजं तेल न्हेतीस ना? सांग, ह्या गाडीच्या पोटात पानी हाय का तेल?"

रतनबाईनं कपाळाला लावलेलं बोट नाकाशी नेलं. "अगं बया! घासलेट!"

मग बयाबाई बोलली. पुरचुंडी, पिंप, शुक्रवार, सगळं खणखणीत सांगितलं. माणसं गुदामाकडं पळाली. पिंपातलं तेलही तसंच लाल होतं. बायका आधी हसल्या, मग त्यांना रागही आला. कपाळं पुसता पुसता त्या बाबाला काय काय म्हणाल्या, ते इथं लिहिता येणार नाही.

मी पादुका बाजूला ठेवल्या आणि कापड उचललं. खाली दुसरं झाकण, तेलाच्या टाकीचं, आणि शेजारी पेट्रोलची बाटली. माझा पंप असाच चालतो: आधी घोटभर पेट्रोल, इंजन तापलं की तेल. मी टाकी रिकामी केली, बाटली काढून घेतली आणि टाकीत बाबाच्याच घागरींतलं तीर्थ काठोकाठ भरलं.

"आता मार हॅन्डल, भिमाजी. आईला पाज आन चालव."

त्यानं पन्नासदा हॅन्डल मारलं. तळहात फुटले. कुणीतरी थांब म्हणालं, मी नाही म्हणालो. शेवटी तो गुडघ्यांवर आला, नाक मातीला टेकलं, तेव्हा माझ्या जिवाला गार वाटलं. मग मी अंबाजीभाऊंना मोटारीच्या पायरीवर चढवलं आणि तीनदा म्हणायला लावलं, "राजमहंमद चोर न्हाई." तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फुटला. मामानं ताईत तोडून गटारात फेकला. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

तळेगावच्या पोलीस चौकीपर्यंत मोटार भिमाजीनं ढकलत नेली. स्टिअरिंगवर मी बसलो होतो. तो रस्ता कुणाच्या पैशातून झाला? पेट्रोलवर कर भरणाऱ्यांच्या. हा बाबा रस्ता त्यांचा झिजवत होता, आणि वैरण बयाबाईच्या मेथीची चारत होता. दोघांनाही लुबाडून वर पाया पडून घेत होता. आणि आपण पडत होतो, कारण पाणी कुठल्या झाकणात जातं तेवढंच आपण पाहिलं.

म्हणून बाबांनो, उद्या कुणी पाण्यावर मोटार चालवो की राखेनं रोग बरा करो, जरूर जा, जवळून बघा. फक्त पाया पडण्याआधी त्याला एवढं सांगा: ते दुसरं झाकण उघड.