भिंतीला भोक पाडायचं न्हाई

मित्रांनो, भूकंपाच्या प्रसंगी सार्वजनिक वाचनालय हा गावाचा आधारस्तंभ असतो. आमच्या दारावरच्या फलकावर तसे रंगवलेलेच आहे. मी त्याच वाचनालयातले एक जुने लोखंडी कपाट आहे, आणि भूकंप झाला तर सगळ्यांत आधी मुलांच्या अंगावर पडणार ते मीच.

आमचे गाव उदगीरकडचे. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभराने लातूरच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. सात फूट उंची, जाड पत्रा. वाचनालयाच्या कमिटीतल्या शेषेरावांनी मला आपल्या आईच्या नावे वाचनालयाला दिले. 'कै. केवळाबाई यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरे अजून माझ्या दारावर आहेत. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. लोक पुस्तके सोडून माझ्या रंगावरूनच हात फिरवत. पुढे कुणी न वाचलेले कोशांचे जाडजूड खंड वरच्या खणात गेले, गोष्टींची पुस्तके खाली आली. मी डोक्याकडून जड झाले. त्यात पंखा नेमका माझ्यासमोर, म्हणून मुलांचे टेबलही माझ्यासमोर.

ग्रंथपाल गौरम्मा. मुले त्यांना अक्का म्हणतात. त्या लातूरला आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला गेल्या आणि येताना दोन लोखंडी पट्ट्या घेऊनच आल्या. कपाट भिंतीला जखडायचे, बस्स. चार भोके, चार स्क्रू.

पण आमच्याकडे भिंत नुसती भिंत नसते. इथे पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचे नाव असते. माझ्यामागची भिंत अध्यक्ष गुरुपादप्पांनी वडिलांच्या, म्हणजे मलप्पांच्या नावे बांधून दिली आहे. तशी संगमरवरी पाटीच आहे.

बैठकीत गुरुपादप्पा म्हणाले, "शेषेरावच्या कपाटासाठी माझ्या बापाच्या भिंतीला भोक? लई झालं, अक्का."

"अप्पा, लेकरं बसतेत समोर."

"मग कपाट हलवा की."

शेषेराव उसळले. "माझी माय तिथून हलणार न्हाई! उद्घाटनाचा फोटो हाय तिथला."

"भूकंप आला की हलतेत त्या. आपोआप," गौरम्मा म्हणाल्या.

विषय पुढच्या बैठकीवर गेला. अशा सात बैठका झाल्या. मध्ये भूकंप जनजागृती सप्ताह थाटात पार पडला. मुलांना टेबलाखाली लपायला शिकवले, तेही माझ्या पुढ्यात. अध्यक्ष आणि शेषेराव, दोघांचीही भाषणे झाली. माझा उल्लेख कुणी केला नाही.

मग एका सकाळी जमिनीतून गुडगुड आवाज आला. खिडकीची तावदाने थरथरली. माझे मागचे पाय उचलले गेले. वरचा एक खंड सुटून खुर्चीवर धाडकन आपटला. त्या खुर्चीतली शिवानी नुकतीच टेबलाखाली शिरली होती.

"हलू नका! खालीच ऱ्हावा!" असे ओरडत गौरम्मा टेबलाच्या आणि माझ्या मधे घुसल्या आणि पाठ लावून त्यांनी मला थोपवले. पन्नाशीची बाई, आणि मी गच्च भरलेले कपाट. त्यांच्या पाठीचा कणा माझ्या पत्र्यात रुतत होता. मित्रांनो, मला संताप आला, पण जमिनीचा नाही. जमिनीला कुणी सांगितले नव्हते. या दोघा देणगीदारांना सात वेळा सांगितले होते.

हादरा थांबल्यावर अक्कांनी मुलांना समोरच्या बागेत, मोकळ्या जागेत नेऊन बसवले. अध्यक्ष आणि शेषेराव तिथे आले. अध्यक्षांनी आधी भिंतीला तडा गेला का ते विचारले. शेषेरावांनी कपाटाला पोचा आला का ते विचारले.

"लेकरं नीट हाईत," गौरम्मा म्हणाल्या. "कुणी विचारलं न्हाई, तरी सांगते."

आठव्या बैठकीला त्या कमरेला पट्टा बांधून आल्या. या वेळी ठराव एकमताने झाला. भिंतीला भोक नाही, कपाट जागचे हलणार नाही. प्रदर्शनासाठी वापरतात ते प्लायवूडचे पार्टिशन माझ्या आणि भिंतीच्या मधे सरकवले आणि पट्ट्या त्यालाच ठोकल्या. "झालं की काम! उगं ताणत व्हतो," असे म्हणत दोघांनी हात मिळवले. गौरम्मांनी ठरावाखाली विरोध नोंदवला, तर सही चुकीच्या जागी झाली म्हणून तो खोडला. मुलांचे टेबल पुन्हा माझ्यासमोर आले.

मित्रांनो, वाचनालयात, संग्रहालयात, कुठेही गेलात तर बसण्याआधी कपाटामागे वाकून बघा. पट्टी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. तिचे दुसरे टोक कशाला ठोकले आहे तेही बघा आणि मोठ्यांना विचारा. एकदा नाही ऐकले तर आठ वेळा विचारा.

माझ्या पार्टिशनला खाली चार चाके आहेत.