सात मिनिटांचा मंत्र

दर गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला पडेगावात पुंडलिक खिल्लारे यांच्या घरापुढं चपलांचा ढीग पडायचा. गल्लीत रिक्षा अडकायच्या, फुलंब्रीकडून जीप भरून माणसं यायची आणि सगळी एकाच खोलीत डोकावायला धडपडायची. त्या खोलीत मूर्ती नव्हती की समाधी नव्हती. टेबलावर एक नवाकोरा संगणक होता. काचेच्या बाजूची मोठी काळी पेटी, आत रंग बदलणारे दिवे, गरगरणारे पंखे आणि शेजारी काळाकुट्ट पडदा. पेटीला झेंडूचा हार घातलेला होता. काचेवर कुंकवाची पाच बोटं उठली होती.

पेटीसमोर पाटावर अप्पाराव महाराज बसलेले असायचे.

"माउली, हे काँप्युटर नव्हं," ते गर्दीला सांगायचे. "लोकांनी नाव बिघडवलं. मूळ शब्द कोम-पितर! पितरांचा वास असलेली पेटी. हिला सात दारं हायेत. सहा दारं विजेनं उघडत्यात. सातवं फक्त मंत्रानं."

मग परीक्षा व्हायची. महाराज गर्दीतल्या कुणालाही बोलावून बटण दाबायला लावायचे. दिवे लागायचे, पंखे घोंघावायचे, पडदा मात्र काळाच. दोन-तीन मिनिटं सगळे श्वास रोखून बघायचे.

"आलं काय काही? नाय ना?" असं म्हणत महाराज बटण दाबून धरायचे आणि पेटी बंद करायचे. मग स्वतःच्या हातानं ती पुन्हा चालू करायचे, सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचे आणि माळ ओढायला लागायचे. एकशेआठवा मणी सरता सरता पडदा उजळायचा. त्यावर मराठीत अक्षरं उमटायची : आकाश.

गर्दीतून हुंकार उठायचा. सगळ्यांत पुढं बसलेली कडूबाई दोन्ही हात पसरून म्हणायची, "आलास का रं बाळा?"

आकाश तिचा मुलगा. दोन महिन्यांपूर्वी वारला होता. मोठी मुलगी विशाखा फुलंब्रीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. गुरुवारी शाळेतून परतली की तिला स्वतःच्याच घरात शिरायला चपलांतून वाट काढावी लागायची. खांद्याला पर्स तशीच, ती दाराच्या चौकटीला टेकून आईकडं बघत राहायची. त्या एका क्षणी आईच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलायचा, तो विशाखाला दुःखाहून जास्त भयंकर वाटायचा.

आकाश चोवीस वर्षांचा होता. अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं संगणकावर उभी करायचं त्याचं काम. जुना संगणक एकेका चित्राला रात्रभर घ्यायचा, म्हणून त्यानं हौसेनं एकेक सुटा भाग मागवून नवा, चांगला ताकदीचा संगणक स्वतःच्या हातानं जोडला. जुन्या संगणकातली डिस्कही त्यातच बसवली. पण चालू केल्यावर दिवे लागले, पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. चार दिवस तो त्या पेटीशी झगडत होता. पाचव्या दिवशी सकाळी शहरातल्या दुकानदाराला विचारायला म्हणून मोटारसायकल काढली आणि दौलताबाद रस्त्यावर एका टेम्पोनं त्याला उडवलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी आले, वंदना झाली, पाहुणे गेले. कडूबाई रडलीच नाही. ती त्या पेटीकडं बघत बसायची. शेजारच्या अनसूयाबाईंना तिची दया आली. त्यांनी चांगल्या मनानं अप्पाराव महाराजांना आणलं. त्या पहिल्या दिवशी महाराजांनी नुसतीच पेटी लावून मंत्र म्हटले, आणि आकाशचं नाव खरोखर पडद्यावर आलं. महाराज स्वतःच दचकले होते, पण ते फक्त विशाखाच्या लक्षात आलं. दुसऱ्या गुरुवारपासून त्यांचं दचकणं थांबलं आणि परीक्षा सुरू झाली.

नाव येऊन वीस-पंचवीस मिनिटं झाली की आणखी एक गोष्ट घडायची. पडदा एकदम निळा व्हायचा आणि त्यावर एक चेहरा यायचा. दोन ठिपक्यांचे डोळे आणि खाली वळलेलं तोंड. रडका चेहरा.

"लेकरू रडतंय," महाराज हळू आवाजात सांगायचे. "अडकलंय ते. आईनं एकभुक्त राहावं, डॉक्टरी औषध वर्ज्य करावं, तवा त्याची सुटका हुईल."

विशाखानं तसा पडदा शाळेच्या संगणकावर एकदा पाहिला होता. ती म्हणाली, "आई, त्याखाली इंग्रजीत लिहिलंय, यंत्रात बिघाड झालाय म्हणून."

"तुमच्या शाळंत तो मंत्रानं येत नसंल," कडूबाई शांतपणे म्हणाली आणि मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी परत फळीवर ठेवली.

शनिवारी ती मोरीत चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विशाखाला बाजूला घेऊन विचारलं, "शिकलेली माणसं ना तुम्ही? असंच चाललं तर आईला गमावाल."

घरी आल्यावर विशाखा वडिलांवर कडाडली. "बाबा, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना तुम्हाला? आम्हाला लहानपणी तुम्हीच शिकवल्या. आणि तुमच्या घरात हे चाललंय?"

"मीच धाडलं गं त्याला," पुंडलिक म्हणाले. "चार दिवस झाले, पेटीपुढंच बसला होता. मी म्हणलो, बसून काय व्हतंय, जा दुकानात इचारून ये. तो गेला. आता तो रडका चेहरा दिसला की वाटतं, माझ्याकडंच बघतोय. माझ्यानं महाराजाला नाय म्हणवलं नाय."

विशाखाचा राग तिथंच विरला. वडिलांना आशा होती, मुलगा कधीतरी माफ करील अशी. आईला आशा होती, तो परत येईल अशी. आणि त्या दोन आशांच्या मधोमध एक माणूस पाट टाकून बसला होता.

रविवारी दुपारी आई झोपलेली असताना ती खोलीत गेली. तिला संगणकातलं फारसं कळत नव्हतं, पण एक गोष्ट ती मुलांना रोज शिकवायची : कारण शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. तिनं मंत्र काढून टाकला. बटण दाबलं, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि तोंडातून चकार शब्द न काढता बसून राहिली. तीन मिनिटं, चार, पाच. पडदा काळा. सात मिनिटं दहा सेकंदांनी तो उजळला. आकाश.

तिनं पेटी बंद करून पुन्हा लावली. सात मिनिटं पाच सेकंद. तिसऱ्यांदा सात मिनिटं दहा.

सोमवारी संध्याकाळी तिची कॉलेजातली मैत्रीण मेघा आली. ती कंपन्यांचे संगणक दुरुस्त करायची. तिनं काच काढली आणि आतल्या चार पट्ट्यांवर बोट ठेवलं.

"ही मेमरी. नव्या प्रकारची, लई वेगवान. म्हणून यंत्र चालू झालं की आधी हिच्याशी ताळमेळ बसवतं. कुठली पट्टी किती वेगानं निरोप पोचवते, हे हजारदा तपासून बघतं. तोवर पडद्यावर काही दाखवत नाही. दोन पट्ट्या असल्या तर लवकर उरकतं. इथं चार आहेत, त्याही भरपूर क्षमतेच्या. म्हणून सात मिनिटं. आणि याचा मुख्य बोर्ड, ज्यावर हे सगळं बसवलंय, तो ते तपासलेलं लक्षातही ठेवत नाही, दरवेळी पहिल्यापासून सुरू."

"आणि रडका चेहरा?"

"दोन जोड्या वेगवेगळ्या वेळी घेतल्यात. कंपनी एक, पण आतल्या चिपा वेगळ्या. बोर्ड बनवणाऱ्यानं चालणाऱ्या मेमरीची यादी दिलेली असते, तीत ही जुळणी नाही. पट्ट्या तापल्या की चुका होतात, यंत्र कोलमडतं. कोलमडलं की हा चेहरा येतो. जगात कुणाचाही संगणक बिघडला तरी हाच येतो, विशाखा."

बोर्डाच्या खोक्यातलं माहितीपुस्तक काढताना त्यातून एक कागद खाली पडला. आकाशचं अक्षर. चार दिवसांत केलेले सगळे प्रयत्न त्यानं ओळीनं लिहिले होते. 'पंखे चालू, पडदा काळा. दोन मिनिटं थांबलो.' 'तीन मिनिटं थांबलो.' शेवटची ओळ होती : 'पाच मिनिटं थांबलो. काही नाही. उद्या दुकानात.'

मेघानं तो कागद वाचला आणि मान दुसरीकडं वळवली. विशाखा खाली बसली. भावाच्या आणि आयुष्याच्या मध्ये दोन मिनिटं होती. रडण्यासाठी ती मोरीत गेली, आईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

गुरुवारी गर्दी जमली. महाराजांनी परीक्षेसाठी माणूस बोलावण्याआधीच विशाखा पुढं झाली. बटण दाबून ती पेटीसमोर उभी राहिली.

"आज मंत्र नाही, महाराज. डोळे कुणी मिटायचे नाहीत. सगळ्यांनी आपापल्या मोबाइलात वेळ बघा."

तीन मिनिटं झाली. महाराजांचा हात सवयीनं बटणाकडं गेला. "आलं काय काही? नाय ना? बंद करा, दोष लागंल!"

"राहू द्या ना," विशाखा म्हणाली. "दरवेळी तिसऱ्याच मिनिटाला बंद का करता? आणि तुमची माळ शेवटी शेवटी हळू का होते? एका डोळ्यानं पडद्याकडं का बघता?"

"पोरी, देवाची परीक्षा बघू नगं. शाप लागंल या घराला!"

तेवढ्यात मागून पुंडलिक उठले. महाराजांच्या आणि पेटीच्या मध्ये येऊन ते उभे राहिले. "या घराला लागायचं ते लागून गेलंय," ते म्हणाले. "आता बघू द्या."

सातव्या मिनिटाला पडदा उजळला. आकाश. ना मंत्र, ना माळ. गर्दीत कुणीच हुंकार दिला नाही.

मग गर्दीत बसलेल्या मेघानं उठून पेटी बंद केली, चारातल्या दोन पट्ट्या काढून ठेवल्या आणि पुन्हा लावली. आदल्याच दिवशी तिनं बोर्डाची आतली आज्ञावली नवी करून ठेवली होती. दीड मिनिटात नाव आलं. तिनं सगळ्यांना सोप्या शब्दांत कारण सांगितलं. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. रडका चेहरा आला नाही.

"ही भक्तांची श्रद्धा हाय, हिला यंत्र लावून मोजत नसत्यात," असं काहीबाही बडबडत महाराज पाट तिथंच टाकून बाहेर पडले. त्यांच्यामागं कुणी गेलं नाही. अनसूयाबाई पदर तोंडाला लावून भिंतीशी बसून राहिल्या.

कडूबाई जागची हलली नव्हती.

"म्हंजी तो तिथं नव्हता?"

"नव्हता, आई."

"नाव कसं येतं मग?"

"जुन्या डिस्कवर त्यानंच लिहून ठेवलं होतं. कधीतरी. जिवंत असताना."

कडूबाईनं पडद्याकडं बघितलं. मग तिनं तो प्रश्न विचारला, ज्याला विशाखा तीन दिवस भीत होती. "सात मिनिटं लागतेत म्हणतीस. मग आकाश किती थांबला व्हता?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्यानं आईचं दुःख थोडं हलकंही झालं असतं. पण ज्या घरातून विशाखानं आत्ताच एक खोटं बाहेर काढलं होतं, तिथं दुसरं कसं आणणार?

"पाच," ती म्हणाली.

कडूबाईनं दोन बोटं उचलली, त्यांच्याकडं बघितलं आणि एकदम तिचा बांध फुटला. पुंडलिकांनी तिला कुशीत घेतलं. "त्याला काय ठावं व्हतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "कुणालाच ठावं नव्हतं गं." दोन महिने ती एका पेटीची सेवा करत होती. मेलेल्या मुलासाठी ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली. आणि रडून झाल्यावर, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, तिनं भाकरी मागितली.

जमलेल्या बाया अवघडून उठायला लागल्या, तेव्हा तिनंच त्यांना थांबवलं. आवाज फाटलेला होता, पण शब्द नीट होते.

"जाऊ नका. ऐकून जा. माझं लेकरू गेलं. ते कुठंच अडकलेलं नाय. हे मला आज कळलं, लई दुखतंय, पण कळलं ते बरं झालं. न्हाईतर त्याच्यामागं मी बी गेले असते, आन् ह्या दोघांनी कुणाकडं बघावं? उद्या तुमच्या दारी कुणी आला, तुमचं माणूस दाखवतो म्हणला, तर पाया पडायच्या आधी त्याला एवढंच इचारा, कसं? सांगता नाय आलं, तर म्हणा, आमचं आम्ही रडतो. तू जा."